किती मिळाले आणि कसे ठरले

महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या माध्यमिक शाळेचा शिक्षक-कक्ष डोळ्यांपुढे आणा. लांब टेबलाभोवती चौघे बसले आहेत. पहिले सर शंभर टक्के अनुदानित तुकडीवर, सव्वीस वर्षे सेवा झालेले. त्यांचा पगार शालार्थ प्रणालीतून थेट बँकेत येतो. दुसरे सर शिक्षणसेवक. तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत त्यांना दरमहा १८ हजार रुपये मानधन. हा आकडा जानेवारी २०२३ पासूनचा, त्याआधी तो ८ हजार होता. तिसऱ्या मॅडम अंशतः अनुदानित तुकडीवर आहेत. शासनाने जेवढा टप्पा मंजूर केला तेवढाच टक्का पगार त्यांच्या हाती पडतो. चौथ्या मॅडम तासिका तत्त्वावर. जितके तास तितके पैसे, आणि मे महिन्यात काहीच नाही. चौघांची पात्रता जवळपास सारखी, पदवी आणि बी.एड. चौघेही नववी-दहावीचे वर्ग घेतात आणि चौघांकडेही तपासायच्या पेपरांचे गठ्ठे सारखेच जाड असतात.

यांत सर्वांत समाधानी कोण, असे बाहेरच्या माणसाला विचारले तर तो पहिल्या सरांकडे बोट दाखवील. पण सरांशी पाच मिनिटे बोलून पाहा. ते पगाराबद्दल नव्हे, निवड श्रेणीबद्दल बोलू लागतील. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी त्यांना वेळेवर मिळाली. चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी मात्र २० टक्क्यांच्या मर्यादेतच दिली जाते आणि आपला नंबर कुठे अडला आहे हे त्यांना कोणी नीट सांगितलेले नाही. उलट शिक्षणसेवक सर बऱ्यापैकी खुशीत असू शकतात. मानधन तुटपुंजे आहे, पण तीन वर्षे संपली की वेतनश्रेणी मिळणार, हा हिशेब त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

शाळेतल्या माणसांचे कामातले समाधान पगाराच्या स्लिपवरून मोजता येत नाही, हे यातून दिसते. मग ते कशावरून मोजायचे? गेल्या साठ वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला आहे. त्यांच्या उत्तराचे तीन भाग आहेत: मला किती मिळाले, ते कसे ठरले, आणि ठरवणारा माझ्याशी कसा वागला. आपल्याकडे पहिल्या भागावर मोर्चे निघतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागावर फक्त चहाच्या सुट्टीत बोलले जाते. या प्रकरणात तिन्ही भाग पाहायचे आहेत, पण दुसऱ्या-तिसऱ्याकडे जास्त वेळ थांबायचे आहे.

शेजारच्या खुर्चीकडे पाहून

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने सॅम्युअल स्टाउफर या समाजशास्त्रज्ञाकडून सैनिकांच्या मनोवृत्तीचा मोठा अभ्यास करून घेतला. तो १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला एक निष्कर्ष आजही वाचणाऱ्याला चक्रावून टाकतो. हवाई दलात बढत्या भराभर मिळत होत्या, लष्करी पोलिसांत त्या फारच कमी होत्या. तरी बढतीच्या पद्धतीबद्दल जास्त कुरकुर हवाई दलात होती. कारण तिथे प्रत्येकाच्या ओळखीचा कोणी ना कोणी पुढे गेलेला होता. लष्करी पोलिसांत सगळेच जागच्या जागी होते, म्हणून दुखण्याचे कारण नव्हते.

पुढे जनरल इलेक्ट्रिक कंपनीत संशोधन करणाऱ्या जे. स्टेसी अॅडम्स यांनी १९६३ आणि १९६५ च्या लेखांत याच गोष्टीला सूत्राचे रूप दिले. माणूस आपण काय घातले आणि काय मिळवले याचे गुणोत्तर काढतो आणि ते दुसऱ्याच्या गुणोत्तराशी ताडून पाहतो. दोन्ही जुळली तर तो शांत असतो. आपले कमी भरले तर चिडतो. मग कामाचा हात आखडता घेतो, रजा काढतो, दुसरी नोकरी शोधतो किंवा तुलनेसाठी दुसराच माणूस निवडतो.

यातली मेख अशी की 'घातलेले' प्रत्येकजण आपापल्या मापाने मोजतो. शाळेत हे रोज दिसते. लिपिकांना वाटते, शिक्षकांना उन्हाळ्याची आणि दिवाळीची लांब सुट्टी असते, आपण मात्र मे महिन्यातही दाखल्यांच्या रजिस्टरपुढे. शिक्षकांना वाटते, लिपिकांना अर्जित रजा साठवता येते, आपल्याला तशी सोय नाही आणि सुट्टीत पुन्हा प्रशिक्षणे, सर्वेक्षणे आहेतच. विज्ञानाच्या मॅडम प्रात्यक्षिकांची तयारी मोजतात, भाषेचे सर निबंधांच्या वह्या मोजतात. कोणीही खोटे बोलत नसते. फक्त आपली मेहनत आपल्याला जवळून दिसते आणि दुसऱ्याची लांबून.

तुलना किती खोल जाते याचा पडताळा शिक्षणक्षेत्रातच झाला आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो बी या वृत्तपत्राने राज्याच्या सर्व सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार संकेतस्थळावर टाकले. त्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कर्मचारीही होते. डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी विद्यापीठातल्या काही कर्मचाऱ्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून, ई-मेलने या संकेतस्थळाची माहिती दिली. बाकीच्यांना दिली नाही. मग दोघांनाही नोकरीबद्दल विचारले. आपल्या विभागातल्या मधल्या पगारापेक्षा ज्यांचा पगार कमी होता, त्यांचे समाधान माहिती मिळताच घसरले आणि नवी नोकरी शोधण्याचा विचार वाढला. ज्यांचा पगार जास्त होता, त्यांच्या समाधानात मात्र काडीची भर पडली नाही. हा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. कमी मिळाल्याचे दुःख होते, जास्त मिळाल्याचे सुख होत नाही. ज्याला जास्त मिळते त्याला ते आपले रास्तच वाटते.

महाराष्ट्रात अशी तुलना करायला संकेतस्थळाची गरजच नाही. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये रुजू झालेले सर आणि नोव्हेंबरमध्ये रुजू झालेले सर एकाच वर्गाच्या दोन तुकड्या शिकवतात. एकाचे म्हातारपण एका हिशेबाचे, दुसऱ्याचे दुसऱ्या. त्यातही ज्यांची नेमणूक या तारखेआधीची, पण ज्यांची शाळा तोवर शंभर टक्के अनुदानावर आली नव्हती, त्यांचाही समावेश नव्या योजनेत झाला. १४ मार्च २०२३ पासून राज्यातले सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी, शिक्षक आणि शिक्षकेतर, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत आठवडाभर संपावर गेले. त्या संपात पैशाची मागणी होती हे खरे. पण घोषणांमागचा राग शेजारच्या खुर्चीकडे पाहून आलेला होता.

अनुदानाची कथा याहून लांब. 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर मान्यता दिलेल्या शाळांपुढचा 'कायम' शब्द शासनाने २००९ मध्ये वगळला. २० टक्के अनुदानाचा पहिला टप्पा २०१६ मध्ये आला. पुढचे टप्पे त्यानंतरच्या वर्षांत, आझाद मैदानावरच्या आंदोलनांच्या मागोमाग. या शाळांतल्या अनेकांच्या उमेदीची वर्षे बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर गेली. त्यांच्यापुढे समाधानाचे मानसशास्त्र सांगणे ही क्रूर चेष्टा होईल. ज्याचा पहिलाच भाग रिकामा आहे, त्याच्याशी दुसऱ्या-तिसऱ्या भागाची चर्चा करायची नसते. आधी पगार द्यायचा असतो.

हरलेला माणूस शांत का राहतो

जॉन थिबो हे मानसशास्त्रज्ञ आणि लॉरेन्स वॉकर हे कायद्याचे अभ्यासक. दोघांनी १९७० च्या दशकात न्यायालयीन भांडणांवर प्रयोग केले आणि १९७५ मध्ये पुस्तक लिहिले. लोकांना लुटूपुटूच्या खटल्यांत उभे करून त्यांनी दोन पद्धती ताडून पाहिल्या. एकीत सगळा तपास निवाडा करणाऱ्याच्या हाती होता, दुसरीत दोन्ही पक्षांना आपली बाजू स्वतः मांडता येत होती. दुसऱ्या पद्धतीत हरलेल्यांनाही निकाल जास्त न्याय्य वाटला. निकाल विरुद्ध गेला तरी 'माझे ऐकून घेतले' ही भावना उरली होती.

१९८० मध्ये जेराल्ड लेव्हेंथल यांनी न्याय्य कार्यपद्धतीच्या सहा कसोट्या मांडल्या. नियम सर्वांना आणि सर्व वेळी सारखा लागू हवा. ठरवणाऱ्याचा स्वार्थ त्यात नको. निर्णय खऱ्या माहितीवर आधारलेला हवा. चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची वाट हवी. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे त्यात यावे. आणि एकूण व्यवहार नीतीला धरून असावा.

या सहा कसोट्या घेऊन महाराष्ट्राच्या खासगी शाळांकडे पाहिले की एक आश्चर्य वाटते. त्या छापून येण्याच्या आधीच, १९७७ मध्ये, आपल्याकडे खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला होता आणि १९८१ मध्ये त्याची नियमावली आली. शाळेत तिला सगळे 'एमईपीएस' म्हणतात. तिचा बारावा नियम सेवाज्येष्ठतेच्या यादीचा आहे. संस्थेने शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता यादी अनुसूची 'फ' प्रमाणे तयार करायची, ती सर्वांना द्यायची, मिळाल्याच्या सह्या घ्यायच्या. यादीत पुढे बदल झाला तर तोही कळवायचा आणि पुन्हा सह्या घ्यायच्या. हरकत आली तर ती विचारात घ्यायची. तरीही वाद राहिला तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे. खरी माहिती, म्हणणे मांडण्याची संधी, दुरुस्तीची वाट या कसोट्या एवढ्या छोट्या नियमात बसल्या आहेत.

प्रत्यक्षात काय होते? कित्येक शाळांत ही यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात राहते. पर्यवेक्षक किंवा उपमुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले की ती अचानक बाहेर निघते. मग कळते की आधी डी.एड.वर लागून नंतर बी.एड. झालेले सर आणि थेट बी.एड.वर लागलेल्या मॅडम यांच्यात ज्येष्ठ कोण, हे वीस वर्षांत कोणी लेखी ठरवलेच नव्हते. असे वाद शिक्षणाधिकारी, शाळा न्यायाधिकरण, उच्च न्यायालय असे करत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. बढतीत डावलले गेल्यास तीस दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे. तोवर शिक्षक-कक्षात दोन गट पडलेले असतात. हरणारा जेव्हा म्हणतो, 'मला आधी सांगितले असते तर मी मानले असते', तेव्हा तो बहुधा खरे बोलत असतो.

त्याच नियमावलीतली चौकशी समितीची तरतूद पाहा. कर्मचाऱ्यावर गंभीर आरोप असतील तर तिघांची समिती बसते. एक संस्थेचा प्रतिनिधी, एक कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेला कुठल्याही खासगी शाळेतला कर्मचारी, आणि तिसरा राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. आरोपीला आपला माणूस समितीत बसवता येतो, ही फार मोठी गोष्ट आहे. बहुतेक कारखान्यांत आणि कंपन्यांत ती मिळत नाही. पण तिसऱ्या सदस्याची निवड संस्थेचाच मुख्य कार्यकारी अधिकारी करतो. म्हणजे तिघांतले दोघे संस्थेच्या पसंतीचे. लेव्हेंथलच्या दुसऱ्या कसोटीवर तरतूद इथे लंगडी पडते, आणि निकाल बरोबर लागला तरी कर्मचाऱ्याच्या मनातला संशय जात नाही.

बदली, पसंतीक्रम आणि 'खो'

कार्यपद्धती बदलली की समाधान कसे हलते, हे पाहायला जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्यांसारखे दुसरे उदाहरण नाही. पूर्वी मे महिना आला की जिल्हा परिषदेच्या आवारात गर्दी व्हायची. समुपदेशनाचा दिवस, सभापतींची चिठ्ठी, अमुक नेत्याचा फोन. तालुक्याच्या गावाजवळच्या शाळेत एखादा शिक्षक पंधरा-पंधरा वर्षे राही आणि दुसरा धडगाव, भामरागड किंवा धारणीच्या आतल्या पाड्यावरून खाली उतरायची वाट पाही. वशिला नसलेल्याला आपली बदली का झाली नाही हे विचारायलाही जागा नव्हती.

२७ फेब्रुवारी २०१७ च्या शासननिर्णयाने जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या. शाळांची सर्वसाधारण आणि अवघड अशी क्षेत्रे ठरली. गंभीर आजार, दिव्यांगत्व, विधवा, परित्यक्ता आणि वयाची ५३ वर्षे ओलांडलेले शिक्षक विशेष संवर्ग भाग एकमध्ये आले. ३० किलोमीटरपेक्षा दूर नोकरी करणारी पती-पत्नी भाग दोनमध्ये. अवघड क्षेत्रात ठरावीक सेवा केलेल्यांना बदलीचा अधिकार मिळाला, आणि सोयीच्या जागी वर्षानुवर्षे बसलेले बदलीपात्र ठरले. प्रत्येकाने शाळांचा पसंतीक्रम भरायचा, बाकी संगणक पाहील. शेजारच्या कर्नाटकाने तर शिक्षकांच्या बदल्यांसाठी २००७ मध्येच स्वतंत्र कायदा केला होता.

नियम सर्वांना सारखा आणि ठरवणाऱ्याचा स्वार्थ नाही, या दोन कसोट्यांवर नवी पद्धत उत्तीर्ण झाली. पाड्यावरच्या अनेक शिक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या पाया न पडता शाळा बदलली. पण २०१८ च्या उन्हाळ्यात मोठ्या संख्येने बदल्या झाल्या तेव्हा शिक्षकांच्या बोलण्यात एक नवा शब्द आला: 'खो'. अधिकार असलेल्याने तुमची शाळा पसंतीत टाकली की तुम्हाला खो बसायचा आणि तुम्ही उठायचे. 'मला कोणी खो दिला?' हा त्या उन्हाळ्यातला सार्वत्रिक प्रश्न होता. ज्यांना पसंतीची एकही शाळा मिळाली नाही ते विस्थापित ठरले आणि उरलेल्या जागांवर विखुरले गेले.

रागाचा खरा रोख मात्र खऱ्या माहितीच्या कसोटीवर होता. काहींनी आजाराची आणि दिव्यांगत्वाची संशयास्पद प्रमाणपत्रे जोडली, काहींनी अंतराचे दाखले फुगवून घेतले. तक्रारी झाल्या, फेरतपासणी झाली, काही जिल्ह्यांत शिक्षक निलंबितही झाले. नेत्याच्या चिठ्ठीने हरलेला शिक्षक नशिबाला बोल लावत असे. खोट्या दाखल्याने हरलेला शिक्षक यंत्रणेला बोल लावू लागला, कारण यंत्रणेने न्यायाचा दावा केला होता. न्यायाची भाषा वापरणाऱ्या पद्धतीवर लोक जास्त कडक कसोटी लावतात. एप्रिल २०२१ मध्ये धोरण सुधारले गेले, त्यामागे हा दबाव होताच.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. संगणक वशिला काढून टाकतो, हे खरे. पण तो फक्त भरलेल्या माहितीएवढाच प्रामाणिक असतो, आणि तुमची अडचण ऐकून घ्यायला त्याच्यापुढे खुर्ची नसते. आईचे आजारपण, अंगणवाडीतली लेक, रात्री बंद होणारा घाटरस्ता यांना पोर्टलवर रकाना नाही.

वेळापत्रकाचा कागद

आता तिसरा भाग, वागणूक. १९८६ मध्ये रॉबर्ट बाइस आणि जोसेफ मोग यांनी दाखवून दिले की निर्णय आणि पद्धत यांखेरीज माणूस आणखी एक गोष्ट तोलत असतो: मला मानाने वागवले का आणि कारण सांगितले का. त्याचा गाजलेला पुरावा जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये दिला. अमेरिकेतल्या एका कंपनीने कंत्राटे गमावल्यामुळे दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात केली. एका कारखान्यात अध्यक्षांनी कामगारांसमोर सविस्तर हिशेब मांडला, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्यात थोडक्यात घोषणा करून बैठक उरकली. कपात तेवढीच असूनही दुसऱ्या कारखान्यात चोऱ्या कितीतरी जास्त वाढल्या आणि नोकरी सोडून जाणारेही जास्त निघाले. पगार पूर्ववत झाला तशा चोऱ्याही खाली आल्या.

शाळेत चोरी करण्यासारखे फार काही नसते. खडूचे खोके आणि कोरे कागद. पण शिक्षक दुसरे काही तरी हातचे राखू शकतो: तासाची पूर्ण पस्तीस मिनिटे, वहीवरचा शेरा, सुट्टीनंतर थांबून एखाद्या मुलाला समजावलेले गणित. ते कोणत्याही हजेरीपटावर दिसत नाही आणि मुलांना मात्र लगेच कळते.

म्हणून शिक्षक-कक्षाच्या भिंतीवरचा वेळापत्रकाचा कागद जवळून वाचावा. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास कोणाला आहे? शनिवारचा शेवटचा तास कोणाला? आठवी 'ड' सलग तीन वर्षे एकाच मॅडमकडे का? मोकळे तास कोणाचे सकाळी ओळीने लागले आहेत आणि कोणाचे सुटे-सुटे? कागदाखालीच बदली तासांची वही टांगलेली असते. कोणी रजेवर गेले की त्यांचा वर्ग कोणाला द्यायचा हे पर्यवेक्षक रोज सकाळी तीत लिहितात आणि ज्याचे नाव येते तो सही करतो. ती वही महिनाभर मागे चाळली तर शाळेची सगळी न्यायव्यवस्था हाती लागते. ज्या शाळेत नावे फिरत राहतात तिथे सही निमूट होते. जिथे तीच तीन नावे पुन्हा पुन्हा येतात, बहुधा तासिका तत्त्वावरच्या मॅडमचे, शिक्षणसेवकाचे आणि 'नाही' म्हणता न येणाऱ्या एका सरांचे, तिथे 'सर, आजपण मीच का?' हा प्रश्न आधी मोठ्याने, मग हळू आवाजात आणि शेवटी मनातल्या मनात विचारला जातो. या वहीचे वेतन आयोगाशी काही देणेघेणे नाही. ती पूर्णपणे शाळेच्या हातात आहे.

अशैक्षणिक कामांचेही तेच. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. मतदारयाद्यांचे बीएलओचे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, काम या अपवादातून येते. ते कोणाला लागते याचे आदेश वरून येतात, तरी नावे बरेचदा शाळेकडूनच मागवलेली असतात. नाव का पाठवले हे आधी सांगितले, तर तो भार ठरतो. थेट आदेशच हाती पडला, तर तो अपमान ठरतो.

शिपाईमामांकडेही पाहिले पाहिजे. डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयाने अनुदानित शाळांतल्या चतुर्थश्रेणी पदांच्या जागी, ती रिकामी होतील तशी, ठोक 'शिपाई भत्ता' देण्याचे ठरले. त्यामुळे एकाच घंटेखाली आता दोन पिढ्या काम करतात: वेतनश्रेणीतले मामा आणि भत्त्यावर नेमलेला मुलगा. पाण्याची टाकी भरणे, स्वच्छतागृहाची चावी, बोर्डाच्या परीक्षेतली धावपळ दोघांनाही तेवढीच. ही दरी शाळा मिटवू शकत नाही. पण त्या मुलाला नावाने हाक मारायची की 'ए' म्हणून, स्नेहसंमेलनाच्या फोटोत त्याला उभे करायचे की खुर्च्या उचलायला पाठवायचे, हे शाळाच ठरवते.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

१९६७ मध्ये थॉमस सर्जिओव्हानी यांनी अमेरिकन शिक्षकांच्या समाधानाचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसले की समाधानाची कारणे आणि असमाधानाची कारणे वेगवेगळी असतात. मुलांमध्ये दिसलेले यश, कामाची दखल, अंगावर टाकलेला विश्वास यांनी शिक्षक आनंदी होतो. शाळेचा कारभार, देखरेखीची पद्धत, पक्षपात यांनी तो नाराज होतो. म्हणजे न्याय्य कारभाराने शिक्षक आनंदाने नाचू लागेल असे नाही. पण अन्यायी कारभारात त्याला मुलांच्या यशाचाही आनंद घेता येत नाही. २००४ मध्ये वेन हॉय आणि जॉन टार्टर यांनी अमेरिकेतल्याच शाळांचा अभ्यास करून न्यायाची भावना आणि मुख्याध्यापकावरचा विश्वास या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात असे दाखवले.

अशा अभ्यासांत प्रश्नावली भरून घेतात आणि उत्तरांची सांगड घालतात. त्याला एक मर्यादा आहे. समाधानी माणसाला सगळेच न्याय्य दिसते आणि वैतागलेल्याला सगळ्यातच पक्षपात दिसतो. तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे प्रश्नावलीवरून पक्के सांगता येत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियासारख्या प्रयोगांना जास्त वजन द्यावे.

इंडोनेशियातला प्रयोग तर धोरण आखणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. तिथे २००५ च्या शिक्षक कायद्याने प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचे मूळ वेतन दुप्पट करण्याचे ठरले. हा लाभ टप्प्याटप्प्याने मिळत असल्याने, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही शाळांत तो आधी देऊन बाकीच्यांशी तुलना करता आली. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकांचे उत्पन्नाबद्दलचे समाधान वाढले, पैशाची चणचण कमी झाली, जोडधंदे घटले. मुलांचे शिकणे मात्र तसूभरही पुढे सरकले नाही. याचा अर्थ शिक्षकांना पगार देऊ नये असा कोणी काढू नये. शिक्षकाची ओढाताण थांबणे हेच एक मोल आहे. अर्थ एवढाच की पगारातून मिळणारे समाधान आणि वर्गात उतरणारी उमेद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकवण्याची उमेद कशाने वाढते, याचे उत्तर फक्त कोषागारात सापडणार नाही.

मुख्याध्यापकाच्या हातात काय आहे

वेतनश्रेणी मंत्रालयात ठरते, संचमान्यता, म्हणजे मंजूर पदांची संख्या, पटावरून येते, अतिरिक्त ठरलेल्यांचे समायोजन शिक्षणाधिकारी करतात. मुख्याध्यापक म्हणतात, 'माझ्या हातात काय आहे?' या प्रकरणातला पुरावा सांगतो की बरेच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. ज्येष्ठता यादी दरवर्षी काढून सह्या घेणे. बदली तासांची आणि जादा कामांची नोंद सर्वांना दिसेल अशी ठेवणे. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी नाव पाठवताना निकष आधी जाहीर करणे. गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा असेल तर तो संबंधिताला समोर बसवून सांगणे. कारणे दाखवा नोटीस व्हॉट्सअॅपच्या गटावर न टाकणे. मुलांसमोर कोणालाही न बोलणे, मग तो शिपाई असो वा पर्यवेक्षक.

आणि एक इशारा संस्थाचालकांना व शासनाला. न्याय्य पद्धत आणि गोड बोलणे यांचा उपयोग पगार बुडवण्यावर पांघरूण म्हणून होऊ शकतो. ग्रीनबर्गच्या कारखान्यात खेद व्यक्त करणारे अध्यक्ष दहा आठवड्यांनी पगार परत देणार होते. आपल्याकडे वीस टक्क्यांच्या टप्प्यावर वर्षे काढणाऱ्या मॅडमना कितीही मानाने वागवले तरी त्यांचे घरभाडे भागत नाही. मानाची वागणूक हा पगाराला पर्याय नाही. पगारासोबत देणे लागणारा तो दुसरा हप्ता आहे. पहिला हप्ता शासनाकडे आणि संस्थेकडे थकलेला आहे, तो त्यांनी द्यावा. दुसरा मुख्याध्यापकांकडे थकलेला आहे, आणि तो देण्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.